दिल्ली साडेतीन दिवस, पण उतरणार सोमवारी. क्रम कसा लावावा?

विजापूरवेस
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोलापूरहून दिल्लीला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण: मी, बायको, आई, वडील (वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरतात) आणि पोरं दोन, वय ९ आणि १३. रविवारी सकाळी कर्नाटक एक्सप्रेसने निघायचं आणि सोमवारी सकाळी नवी दिल्लीला उतरायचं. परतीला तीच गाडी, गुरुवारी रात्री. म्हणजे हातात अर्धा सोमवार, अख्खा मंगळवार आणि बुधवार, आणि गुरुवार संध्याकाळपर्यंत.

यादी अशी आहे: लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट, इंडिया गेट आणि तिथलं नवं युद्ध स्मारक, राष्ट्रपती भवन, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, गांधीजींना गोळ्या घातल्या ती जागा, अलीपूर रोडचं बाबासाहेबांचं स्मारक, लोटस टेंपल, अक्षरधाम. पोरांचा हट्ट आहे की उतरल्या उतरल्या लाल किल्ला. एका दिवसात सगळं फिरवून आणणारी दिल्ली दर्शनची बस मिळते असंही ऐकलंय. ती घ्यावी का? मुक्काम कुठे बरा? आणि सहा माणसांनी मेट्रोनं फिरावं की गाडी करावी?

यलोलाइन
सोमवारी उतरताय हे आधीच लिहिलंत ते बरं केलंत. लाल किल्ला, राष्ट्रपती भवन, गांधी स्मृती, आंबेडकर स्मारक, लोटस टेंपल, अक्षरधाम या सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारीच. तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय आणि जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालयही त्याच दिवशी बंद. तुमची निम्मी यादी तिथेच गळाली. पोरांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर लाहोरी दरवाज्यासमोर उभं राहून समजूत काढावी लागेल.

सोमवारी उघडं काय? कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जंतरमंतर, पुराना किला, राजघाट, जामा मशीद, इंडिया गेट आणि त्याला लागून असलेलं राष्ट्रीय समर स्मारक. यातलं तुमच्या अर्ध्या दिवसात नीट बसतं ते हुमायूनची कबर आणि समर स्मारक, याच क्रमानं. गाडीला दोन तास उशीर झाला तरी हे जमतं. दुपारी तीनला हुमायून, साडेचारच्या सुमारास तिथून निघून सूर्यास्ताच्या आधी समर स्मारक, मग अंधार पडल्यावर दिव्यातलं इंडिया गेट.

दर्शन बस घेऊ नका. एका दिवसात आठ-नऊ ठिकाणं दाखवायची तर प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली पंधरा तपासणीच्या रांगेत जातात आणि वर मध्येच एखाद्या एम्पोरियमला थांबा असतो. सोमवारची बस तर लाल किल्ला बाहेरूनच दाखवते.

मुक्कामाचं म्हणाल तर मेट्रोच्या यलो किंवा ब्लू लाइनवर राहा. पहाडगंज स्टेशनला चिकटून आहे, पण गल्ल्या अरुंद आणि गोंगाट फार. आईवडील बरोबर असतील तर करोल बाग बरं. एक गोष्ट पाठ करून ठेवा: नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. एक नंबर फलाटाकडे पहाडगंज, सोळा नंबरकडे अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला. चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर सामान घेऊन पुन्हा पूल चढायचा, आणि तिथेच गुडघ्यांचा निकाल लागतो.

स्टेशनाबाहेर कुणी सांगितलं की "तुमचं हॉटेल बंद पडलंय" किंवा "सरकारी टुरिस्ट ऑफिसात चला, तिथे तिकीट बघतात", तर न थांबता पुढे चालायचं. हॉटेलला स्वतः फोन करायचा.

मेट्रोचं भाडं अंतरावर आहे, कमीत कमी ११ रुपये आणि जास्तीत जास्त ६४. नवी दिल्ली ते कुतुबमिनार एकाला ४३, म्हणजे सहा जणांचे २५८. लांबच्या आणि सरळ पल्ल्याला मेट्रो, आणि जिथे स्टेशन दोन किलोमीटर लांब पडतं तिथे सहा आसनी कॅब, असा मेळ घाला. रिक्षात तीनच प्रवासी बसवतात. तुम्हाला दोन कराव्या लागतील आणि दोन्ही रिक्षावाले वेगवेगळ्या दरवाज्यावर सोडतील.

कडकभाकरी
वरच्यात तिकिटांची भर घालतो. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर इथे भारतीयाला खिडकीवर रोख ४० रुपये, ऑनलाइन ३५. जंतरमंतर, पुराना किला २५ आणि २०. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणजे तुमची दोन्ही पोरं फुकट. तेरा वर्षांचा उंच असेल तर त्याचं आधार कार्ड खिशात असू द्या, वाद मिटतो. पाच रुपयांपेक्षा रांग वाचते हा ऑनलाइनचा खरा फायदा. दरवाज्याजवळच्या फलकावर क्यूआर कोड असतो, तोच स्कॅन करावा. गूगलवर शोधून पहिलं दिसेल ते संकेतस्थळ उघडलं की मधले लोक "सेवा शुल्क" लावून तिप्पट घेतात.

तपासणी प्रत्येक ठिकाणी आहे, मेट्रोतही पिशवी एक्स-रेतून जाते. वडील पान खात असतील तर चंचीतला अडकित्ता हॉटेलवर ठेवायचा. चाकू, लायटर, तंबाखूची पुडी हेही तसंच. जेवणाचा मोठा डबा स्मारकाच्या आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली चालते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीतल्या सव्वीस तासांसाठी आणि हॉटेलवरच्या रात्रीसाठी धरा. दही स्टेशनाबाहेर कुठेही मिळतं.

फेब्रुवारीत पहाटे दिल्लीत दहा अंशांच्या आसपास थंडी असते आणि दुपारी ऊन टोचतं. जाड स्वेटर घेतला तर दुपारी तो हातात वागवावा लागतो. दोन पातळ थर बरे.

नवी_पेठ
हुमायूनच्या कबरीला दीड तास कमी आहे असं माझं मत, पण क्रम बरोबर आहे. तिथे काय बघायचं ते सांगतो, कारण बहुतेक लोक समोरून फोटो काढून परत फिरतात.

आत शिरल्यावर मोठ्या कबरीकडे धावू नका. उजव्या हाताला इसाखानाची अष्टकोनी कबर आहे, १५४७ ची, म्हणजे हुमायूनच्या आधीची. ती बुटकी, रुंद, भोवती ओसरी. ती बघून मग पुढे गेलं की १५७२ च्या सुमारास पुरी झालेली इमारत किती वेगळी आहे ते डोळ्यांना कळतं. खाली चारबाग, त्यातून पाण्याचे पाट, आणि वर उंच चौथऱ्यावर लाल दगड आणि पांढरा संगमरवर. ताजमहालाच्या सत्तरेक वर्षं आधीचा हा ताजमहालाचा कच्चा आराखडाच म्हणा.

सोलापूरकरांनी विजापूरचा गोलघुमट पाहिलेला असतोच. तो डोळ्यांसमोर आणून हुमायूनचा घुमट बघा. गोलघुमटात आतून वर पाहिलं की जो घुमट दिसतो तोच बाहेरून दिसतो, एकच कवच. हुमायूनकडे कवचं दोन आहेत, मध्ये पोकळी. आतलं छत दालनाच्या मापाचं ठेवलं आणि बाहेरचं कवच लांबून उठून दिसावं म्हणून उंच नेलं. आत उभं राहून छताची उंची मनात धरा, मग बाहेर येऊन घुमटाचा कळस बघा. दोन्हींचा हिशेब जुळत नाही, तीच पोकळी. आणि वर दिसते ती नुसती खूण. खरी कबर खाली तळघरात आहे, विजापूरसारखीच.

चौथऱ्यावर चढायचा जिना उभा आहे आणि पायऱ्या उंच. वडिलांना वर नेण्याचा आग्रह नको. इसाखानाचा भाग आणि बाग सपाटीवर आहेत. २०२४ मध्ये उघडलेलं संग्रहालय प्रवेशाजवळच, जमिनीखाली आहे. तिथे ते निवांत तासभर बसू शकतील.

हुतात्माचौक
समर स्मारकाबद्दल. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. प्रवेश फुकट, आठवडाभर उघडं, हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला बंद. इंडिया गेटच्या ज्योतीशेजारी फोटो काढायचा अशी अनेकांची कल्पना असते. ती अमर जवान ज्योती आता तिथे नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती समर स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली.

रचना चार चक्रांची, एकात एक. मध्ये अमर चक्र, तिथे साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि ज्योत. त्याबाहेर वीरता चक्र, त्यात लढायांची कांस्य शिल्पं: लोंगेवाला, रेझांग ला, टिथवाल, गंगासागर, मेघदूत, ट्रायडंट. मग त्याग चक्र. सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांची रांग. पोरांना रांगेतून ओढत मधल्या ज्योतीकडे नेऊ नका, त्याग चक्रात थांबवा. ग्रॅनाइटच्या छोट्या छोट्या लाद्या विटांसारख्या रचल्यात, एका लादीवर एका सैनिकाचं नाव, हुद्दा आणि पलटण, सोनेरी अक्षरांत. २५ हजारांवर नावं आहेत. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंट ही नावं पोरांना शोधायला लावा. पंधरा मिनिटं ती हलत नाहीत. शेजारीच परमयोद्धा स्थळ, २१ परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे. त्या पदकाचा आकार सावित्रीबाई खानोलकरांनी घडवला, हे त्यांना तिथेच सांगा.

सूर्यास्ताच्या सुमारास ध्वज उतरवण्याचा कार्यक्रम असतो. त्यासाठी निदान अर्धा तास आधी आत असावं.

इंडिया गेट ४२ मीटर उंच, पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्या हिंदी सैनिकांसाठी इंग्रजांनी बांधलेलं. उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ ला झालं. आपल्या सोलापुरात १२ जानेवारी १९३१ म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, येरवड्यात फाशी. बरोब्बर एक महिना. कमानीवरची नावं वाचताना हे मनात येतंच.

मागच्या छत्रीखाली पूर्वी पंचम जॉर्जचा पुतळा होता, तो साठच्या दशकात हलवला. आता तिथे नेताजींचा २८ फुटी काळ्या ग्रॅनाइटचा पुतळा आहे, सप्टेंबर २०२२ पासून. त्याच वेळी राजपथाचं नाव कर्तव्य पथ झालं. कॅब बुक करताना दोन्ही नावांनी शोधून बघा.

विजापूरवेस
वा, एका रात्रीत एवढं. सोमवार ठरला. आता दोन शंका. वडिलांना पायऱ्या जड जातात तर मंगळवारी लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट तिन्ही एका दिवसात झेपतील का? आणि राष्ट्रपती भवन आतून बघायला मिळतं का, की खासदारांची चिठ्ठी लागते?

यलोलाइन
चिठ्ठी संसदेच्या गॅलरीसाठी लागते. राष्ट्रपती भवनाला तुम्ही स्वतः त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. मुख्य इमारत एक फेरी, संग्रहालय दुसरी. माणशी ५० रुपये, आणि वेळ निवडायची. नोंदणीत प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका आणि तेच मूळ ओळखपत्र बरोबर न्या. मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून जाणारे दरवाज्यावरून परत फिरतात. मोठी पर्स, पिशवी हॉटेलवरच ठेवा. मुख्य इमारतीच्या फेरीत मोबाइल आत वापरता येत नाही. ३४० खोल्यांपैकी मोजक्याच दाखवतात, पण अशोक मंडपाचं (पूर्वीचं अशोक दालन) छत आणि गणतंत्र मंडप (पूर्वीचं दरबार दालन) पुरेसं आहे.

तुम्ही फेब्रुवारीत जाताय त्याचा वेगळा फायदा म्हणजे अमृत उद्यान. पूर्वी मुघल गार्डन म्हणायचे ते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी उघडतं, फुकट आहे, पण नोंदणी ऑनलाइन, सोमवारी बंद. प्रवेश गेट नंबर ३५, नॉर्थ अव्हेन्यूच्या बाजूने. सेंट्रल सेक्रेटरिएट मेट्रोवर उतरा. शनिवार-रविवारच्या वेळा आधी भरतात, बुधवारची दुपार सहज मिळावी. भवन आणि उद्यान दोन्ही एका दुपारी कराल तर मध्ये निदान दोन तास सोडा. दोन्हीकडे वेगळी तपासणी आहे.

मंगळवार तिन्ही झेपतील, पण क्रम किल्ला, मशीद, राजघाट असाच हवा. आधी राजघाट केलात तर उन्हात किल्ला येतो, आणि किल्ल्यात सावली कमी.

नवी_पेठ
किल्ल्याचं मी सांगतो. व्हायोलेट लाइनवर लाल किला स्टेशन आहे, तिथून लाहोरी दरवाजा चालत. दरवाज्यातून आत छत्ता चौक, मग नौबतखाना, दिवाण-इ-आम, आणि शेवटी यमुनेच्या बाजूला दिवाण-इ-खास. हे सगळं मिळून एका बाजूचं अर्धा किलोमीटर चालणं. जिने जवळजवळ नाहीत, पण अंतर आहे. प्रवेशाजवळ व्हीलचेअरची चौकशी करा, लाज धरू नका.

शाहजहानने १६४८ मध्ये पुरा केलेल्या किल्ल्याचा मोठा भाग १८५७ नंतर इंग्रजांनी पाडला. मधली दोन-चार मजली लांबलचक बराकी इमारत मुघलांची समजून फोटो काढू नका, ती इंग्रजांची. मुघलांच्या इमारती बसक्या, एकमजली. बराकींमध्ये आता संग्रहालयं आहेत. नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं चुकवू नका. सहगल, धिल्लों, शाहनवाज यांच्यावरचा खटला याच किल्ल्यात १९४५ च्या अखेरीला चालला.

दिवाण-इ-खासमध्ये मान वर करा. दिसतं ते लाकडी, रंगवलेलं छत. मूळ छताला चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा खजिन्यात खडखडाट होता, फौजेचे पगार थकले होते. त्यांनी ती चांदी उतरवून नाणी पाडली. मयूरासन त्याआधीच, १७३९ मध्ये नादिरशहाने नेलेलं. आपले गाइड ही गोष्ट मराठी पाहुणा बघून कधी शौर्याची करतात, कधी लुटीची. तुम्ही पगाराची म्हणून ऐका. ज्याच्या कंबरेला पर्यटन विभागाचं ओळखपत्र लटकतंय त्याच गाइडशी बोला, आणि पैसे किती, वेळ किती, हे आधीच ठरवा.

किल्ला झाल्यावर जामा मशीद समोरच. पण पायऱ्या आहेत: दक्षिण दरवाज्याला ३३, उत्तरेला ३९. वडिलांना दक्षिणेकडून न्या किंवा खाली चहाला बसवा. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून दुपारची नमाज टाळून सकाळी अकराच्या आसपास पोचायचं. प्रवेश फुकट. पाय झाकलेले हवेत, पोरांना हाफ चड्डी नको. बुटांसाठी पिशवी घरून न्या, म्हणजे बूट सांभाळणाऱ्याशी घासाघीस नको. मनोऱ्यावर जायला वेगळं तिकीट आहे. मनोऱ्यातला जिना अरुंद आणि अंधारा, नऊ वर्षांच्या पोराबरोबर मोठं माणूस हवंच.

चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी आहे. कॅबवाला टोकालाच सोडतो. सायकलरिक्षा मिळतात, चढायच्या आधी भाव ठरवा.

कडकभाकरी
राजघाटाला दुपारी चारनंतर जा. बूट बाहेर काढावे लागतात आणि फरशी दुपारी तापते, फेब्रुवारीतही. ३१ जानेवारी १९४८ ला जिथे अंत्यसंस्कार झाले तिथे काळ्या संगमरवराचा चौथरा, त्यावर "हे राम". सगळं सपाट, वडिलांना त्रास नाही. त्याच पट्ट्यात उत्तरेकडे नेहरूंचं शांतिवन, शास्त्रीजींचा विजय घाट, इंदिराजींचं शक्तिस्थळ, राजीव गांधींची वीरभूमी, अटलजींचं सदैव अटल. सगळी बघायला निघाल तर चार-पाच किलोमीटर चालणं होतं आणि पोरं कंटाळतात. राजघाट आणि शक्तिस्थळ पुरे. शक्तिस्थळावरचा तो उभा दगड मात्र पोरांना आवडतो.

राजघाटावर अंत्यसंस्काराची जागा आहे आणि गोळ्या झाडल्या ती जागा वेगळी, हे घोळ होतो म्हणून लिहितो. ती तीस जनवरी मार्गावर, तेव्हाचं बिर्ला हाउस, आताचं गांधी स्मृती. यलो लाइनवर लोक कल्याण मार्ग स्टेशन. प्रवेश फुकट. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटमध्ये पावलांचे ठसे उठवलेत. ते जिथे संपतात तिथे थांबायचं.

यलोलाइन
म्हणून बुधवार असा बसवा, सगळा यलो लाइनवर. सकाळी लवकर कुतुबमिनार. उघडतो सूर्योदयाला, साडेनऊनंतर शाळांच्या सहली येतात. मेट्रो स्टेशनापासून मिनार पावणेदोन-दोन किलोमीटर लांब आहे, नाव एकच असलं तरी. तिथून रिक्षा. परिसर सपाट, वडिलांसाठी सगळ्यात सोपा.

मिनार ७२.५ मीटर, आत ३७९ पायऱ्या. वर जाता येत नाही. १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी होऊन ४५ माणसं मेली, तेव्हापासून बंद. कुणी "वर सोडतो" म्हणाला तर फसवतोय. लोहस्तंभाला मिठी मारायची असं घरच्या थोरांनी सांगितलं असेल, आता कठडा आहे. ७.२ मीटरचा, सहा टनांवर वजनाचा. सोळाशे वर्षं गंजला नाही कारण त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यातून पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरला गेला. वरच्या ब्राह्मी लेखात "चंद्र" राजाचं नाव आहे, तो दुसरा चंद्रगुप्त मानतात.

मोठ्या पोराला एक कोडं घाला. लोहस्तंभामागची उंच कमान जवळून बघायला सांगा. तिचे दगड आडवे थर आहेत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला, शेवटी दोन्ही बाजू टेकतात. म्हणजे आकार कमानीचा, पण काम आपल्या देवळातल्या छतासारखं. मग शंभर पावलांवरचा अलाई दरवाजा, १३११ चा. तिथे दगड पाचरीसारखे तासून गोलात बसवलेत, मध्ये कळीचा दगड. कारागीर नवं तंत्र शिकायला शंभर वर्षं घेतात ते तिथे दगडात दिसतं. खांबांवर घंटा, साखळ्या, कीर्तिमुखंही दिसतील. २७ देवळांचं साहित्य वापरल्याचं तिथल्याच शिलालेखात लिहिलंय.

तिथून परतीच्या मेट्रोने लोक कल्याण मार्ग, गांधी स्मृती. जेवण करून सेंट्रल सेक्रेटरिएट, भवन नाहीतर उद्यान.

घाणेरीपूल
लोटस टेंपल आणि अक्षरधाम यादीत आहेत, त्यांचं कुणीच बोललं नाही. अक्षरधाम पोरांना नक्की आवडेल, संध्याकाळचा पाण्याचा कार्यक्रम तर खासच. गुरुवारी ठेवा.

यलोलाइन
गुरुवारी रात्रीची गाडी आहे त्यांची. अक्षरधामला मोबाइल, कॅमेरा, पिशवी काहीच आत नेता येत नाही, सगळं फॉर्म भरून जमा करायचं. सहा जणांचं जमा करणं आणि परत घेणं यात तास जातो, आणि पाण्याचा कार्यक्रम अंधार पडल्यावर. तो बघून नवी दिल्ली गाठायची म्हणजे गाडी सुटायची. करायचंच तर मंगळवारी राजघाट सोडून करा. लोटस टेंपल व्हायोलेट लाइनवर कालकाजी मंदिरजवळ, आत बोलायचं नाही, तासाभराचं काम. सगळ्यांत आधी ते कापा.

हुतात्माचौक
गुरुवारी सकाळी २६, अलीपूर रोड. यलो लाइनवर सिव्हिल लाइन्स भाग. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं ते हे ठिकाण. आताची इमारत उघड्या पुस्तकाच्या आकाराची, म्हणजे संविधान, एप्रिल २०१८ मध्ये खुली झाली. लिफ्ट आहे, वडिलांना सोयीचं. दोन तास द्या. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलच्या आसपास जाणाऱ्यांनी गर्दी धरून चालावं. तुम्हाला तो प्रश्न नाही.

तिथून दुपारी राजीव चौक, जंतरमंतर. १७२४ च्या सुमारास जयसिंगाने बांधलेलं. सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचायचा प्रयत्न पोरांना करू द्या. घड्याळाशी थोडा फरक पडेल. ती स्थानिक सूर्यवेळ आहे आणि आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं. कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन तिथून जवळ आहे.

विजापूरवेस
मस्त. अक्षरधाम आणि लोटस दोन्ही कापतो. मधला बुधवार काढून आग्रा करावं असं बायको म्हणतेय. आणि एका मित्रानं पानिपत सुचवलं.

नवी_पेठ
आग्रा जमतं. हजरत निजामुद्दीनहून सकाळी ८:१० ची गतिमान एक्सप्रेस, दहाच्या आत आग्रा कँट, संध्याकाळी परत. शुक्रवारी ती नसते आणि ताजही बंद असतो, तुमचा बुधवार असल्याने अडचण नाही. ताज ५० रुपये, मुख्य कबरीवर जायचं तर वर २००. पण मग कुतुब, गांधी स्मृती, राष्ट्रपती भवन तिन्ही गेली. वडिलांचे गुडघे बघता मी दिल्लीच धरेन. आग्रा पुढच्या खेपेला कर्नाटकनेच येताना उतरून करा, ती तिथे थांबते.

पानिपत नव्वद किलोमीटर, काला आम स्मारक शहराबाहेर. स्तंभ आणि बाग, तासाभरात बघून होतं, पण जाऊन यायला दिवस मोडतो. १४ जानेवारीला तिथे मराठी माणसं जमतात. त्या सुमारास आपल्याकडे सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, म्हणून सोलापूरकर फारसे दिसत नाहीत.

कडकभाकरी
ही चर्चा वाचून कुणी जानेवारीत निघालं तर: प्रजासत्ताक दिनाच्या आसपास लाल किल्ला आणि कर्तव्य पथ बंद असतात, धुक्याने गाड्या सहा-सहा तास रेंगाळतात. दिवाळीच्या सुट्टीत धूर. दम्याचं माणूस बरोबर असेल तर नोव्हेंबर नकोच. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातही किल्ला बंद.

विजापूरवेस
मग शेवटचा आराखडा: सोमवार हुमायून, समर स्मारक, इंडिया गेट. मंगळवार लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट. बुधवार कुतुब, गांधी स्मृती, अमृत उद्यान. गुरुवार अलीपूर रोड, जंतरमंतर, मग गाडी. गुरुवारी सकाळी हॉटेल सोडून सामान दिवसभर बरोबर घेऊन फिरतो.

यलोलाइन
सामान घेऊन अलीपूर रोडला आत सोडणार नाहीत. हॉटेलवाल्याला विचारा, बहुतेक जण ठेवून घेतात. नाहीतर नवी दिल्ली स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. तिथे तिकिटाचा पीएनआर आणि ओळखपत्र लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. चेनची दोन टोकं जुळवून लावायची छोटी कुलपं इथूनच घेऊन जा. बिनकुलपाची बॅग खिडकीवर घेत नाहीत, आणि स्टेशनाबाहेर तेच कुलूप तिप्पट भावात विकायला माणूस उभाच असतो. संध्याकाळी सामान सोडवायलाही रांग असते, गाडीच्या दीड तास आधी पोचा. आणि परतीचं आरक्षण अजून केलं नसेल तर साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. वडिलांना खालचा बर्थ हवा तर वयाची नोंद फॉर्ममध्ये बरोबर टाका.